उभ्या पिकाची मुदत

मी शांतता भाड्याने देतो. आणि ती देता यावी म्हणून आधी जागा भाड्याने घेतो. माझा व्यवसाय एवढाच. या दोन भाड्यांच्या मधे जी ओढाताण होते, तिच्याविषयी चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत असे आता, उशिरा का होईना, वाटू लागले आहे.

नांदेड-लातूरच्या वाचकांना अभ्यासिका म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. एक मोठा हॉल. त्यात फळ्यांचे आडोसे घालून केलेली ओळीने टेबले. प्रत्येकाला एक खुर्ची, एक दिवा, मोबाईलसाठी एक प्लग आणि डोक्यावर आवाज न करणारा पंखा. पिण्याचे थंड पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह. खेड्यांतून, वाड्या-तांड्यांवरून आलेली मुले-मुली दिवसा क्लासला जातात आणि उरलेला सगळा वेळ अशा ठिकाणी येऊन बसतात. कारण तीन-तीन जणांच्या भाड्याच्या खोलीत अभ्यास होत नाही. त्यांना शिकवणारे दुसरे असतात, निवडणारी परीक्षा दुसरी असते. मधल्या वेळी त्यांना कोणी हाक मारू नये, एवढेच मी पाहतो.

या कामाला मी लागलो तो वयाच्या शेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी नांदेडच्या महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होतो. कायम होण्याची वाट पाहता पाहता केस पांढरे झाले, तेव्हा पत्नीनेच सुचवले की आता वाट पाहणे हे काही काम म्हणता यायचे नाही. तिचे खरे होते. अडचण माझ्या स्वभावाची होती. वर्गात साठ मुलांपुढे अणूची रचना न अडखळता सांगणारा मी, बाजारात भाजी महाग वाटली तरी तसे म्हणू शकत नाही. मुकाट्याने घेऊन येतो. अशा माणसाने जागामालकांशी वाटाघाटी करण्याचा व्यवसाय पत्करावा, याला धाडस म्हणावे की गैरसमज, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पहिली जागा नांदेडला मिळाली. मालक एक निवृत्त अभियंते, बोलायला अत्यंत सभ्य. आपल्याकडे करार अकरा महिन्यांचा करायची वहिवाट आहे. बारा महिने भरले की भाडेकरू जागेवर हक्क सांगतो, अशी एक धास्ती मालकलोकांच्या मनात पक्की बसलेली असते. मी करारातले प्रत्येक कलम वाचले, शुद्धलेखनाच्या दोन चुकाही विनयपूर्वक दाखवून दिल्या, आणि जूनच्या आरंभी सही केली. जूनपासून अकरा महिने मोजले की एप्रिल संपतो, हे मला तेव्हा दिसले नाही. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा असते मे महिन्याच्या सुरुवातीला. वर्षभर रिकामी राहिली तरी चालेल अशी खुर्ची ज्या दिवसांत सोन्याची होते, नेमक्या त्या दिवसांच्या तोंडावर माझी मुदत संपत होती.

मालकांनी एप्रिलमध्ये बोलावून सांगितले की जागा आता पुतण्याला द्यायची आहे. त्यांचे काही चुकले नव्हते. कागदावर तसेच होते. थोडे दिवस मागून घ्यावेत असे ठरवून मी दोनदा त्यांच्याकडे गेलो, दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. 

मुले पांगली. कोणी नातेवाइकाकडे गेले, कोणी गावी. किनवटकडच्या एका आश्रमशाळेतून शिकून आलेली वनिता नावाची मुलगी होती. खिडकीजवळची खुर्ची तिची. तिला नांदेडात राहायला मावशीची एकच खोली; त्यात मावशीची तीन मुले आणि दिवसभर चालणारा टीव्ही. पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, “सर, पुढच्या टायमाला जागा घेताना एक विचारून घ्या. मे महिन्यात आम्ही कुठं बसायचं?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्याजवळ राहिले. पुढे तिला वैद्यकीयला प्रवेश मिळाला नाही. ती नर्सिंगला गेली. अभ्यासिका चालू राहिली असती तर निकाल वेगळा लागला असता, असा दावा मी करणार नाही. रसायनशास्त्राच्या माणसाने पुराव्यावाचून बोलू नये. पण ती खुर्ची रिकामी करताना मी तिथे उभा होतो, एवढे खरे.

नांदेड सोडून लातूरला प्रयत्न करायचे ठरवले. तिथे मुले अधिक आणि अभ्यासिकाही अधिक. त्यामुळे जागांचे मालक अनुभवी. त्या शोधात भेटलेल्या माणसांचे मी आजही आनंदाने स्मरण करतो. एकाला मुली चालत होत्या, मुले नको होती. त्याच्या शेजाऱ्याचे याच्या उलट. दोन इमारतींमध्ये भिंत एकच होती. एका ठिकाणी हॉल थोरल्या भावाच्या वाटणीला आला होता आणि जिना धाकट्याच्या. दोघांचे बोलणे बंद होते. जागा मिळत होती, पण वर जायचे कसे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

आणखी एका मालकाने आपल्या अटी इतक्या भरभर सांगितल्या की मला घाम फुटला. काही सुचेना म्हणून पाण्याचा ग्लास हातात धरून नुसता बसलो. थोड्या वेळाने तो म्हणाला की बरं, रंग मी मारून देतो. मी तसाच. मग तो म्हणाला की मीटरही वेगळं घेऊन देतो. मला अजून तोंड उघडता येत नव्हते. शेवटी त्याने कपाळावरून दस्ती फिरवली आणि म्हणाला, “सर, तुमी लई पक्के दिसता. सकाळपासून असा गिऱ्हाईक न्हाई भेटला.” ती जागा पाण्याच्या टाकीवरून बारगळली, पण पक्का हे विशेषण मला आयुष्यात त्या एकदाच मिळाले, म्हणून नोंदवून ठेवतो.

या निमित्ताने भाड्याने जागा घेणाऱ्या नवख्यांना दोन शब्द. भाडे किती, यावर सगळे भांडतात. खरे भांडण इतर गोष्टींवर व्हायला हवे. वीज घरगुती दराची की व्यापारी, गच्चीवरची टाकी कोणी भरायची, फलक किती मोठा लावता येईल, आपण ठोकलेल्या फळ्या जाताना आपल्या की मालकाच्या. आणि सर्वांत आधी मुदत सुरू कधी होते यापेक्षा संपते कधी ते पाहावे. आपल्या धंद्याच्या ऐन दिवसांत ती संपत असेल तर बाकी सारी कलमे कितीही सुबक असोत, त्यांचा उपयोग नाही.

असा हिंडत असता मार्केट यार्डाच्या मागे अप्पांची जागा दिसली. खाली त्यांच्या आडतीचे जुने गोदाम, वर मोकळा लांबरुंद हॉल. तुरीचा आणि पोत्यांचा एक कोरडा, गोडसर वास जिन्यापर्यंत येई. अप्पा सत्तरीच्या पुढचे. अंगावर पांढरा नेहरू शर्ट आणि धोतर, कपाळावर भस्म. आडत मुलगा महेश पाहत असे. जागा, शेती आणि कागदपत्र अजून अप्पांकडे होते. शेती जळकोटकडे. मी स्वतः त्याच तालुक्यातला असल्याचे कळल्यावर त्यांनी गाव, आडनाव, विहीर कोणत्या अंगाला हे सगळे विचारून घेतले आणि मला लिंबाच्या सावलीतल्या बाजेवर बसवले. इथपर्यंत सर्व सुरळीत झाले.

मुदतीचे नाव निघाले तेव्हा घोडे अडले. अप्पा कोणताही करार पाडव्याला करत. सालगडी पाडव्याला ठरे, शेत ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरीव रकमेवर, द्यायचे ते पाडव्याला, गोदामातला गाळाही पाडव्यालाच. त्यांच्या लेखी वर्ष म्हणजे पाडवा ते पाडवा. माझ्या लेखी हे नांदेडपेक्षाही वाईट होते. पाडवा येतो परीक्षेच्या महिनाभर आधी, अभ्यास ऐन भरात असताना.

मी तीन भेटींत तीन प्रकारे सांगून पाहिले. पहिल्या वेळी नुसती तब्येतीची चौकशी करून उठलो. दुसऱ्या वेळी मुद्दे कागदावर लिहून नेले आणि वाचून दाखवले. “विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक वर्षाची आणि कराराच्या मुदतीची सांगड” असे काहीतरी त्यात होते. अप्पांनी डोळे मिटून सगळे ऐकले आणि भाषण चांगलं हाय म्हणाले. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी आपली बाजू सांगितली. पूर्वी एका भाडेकरूने मुदत संपल्यावर थोडेच दिवस मागून घेतले होते. ते थोडे दिवस कोर्टात अप्पांच्या पायांतली ताकद संपेपर्यंत चालले. “तवापासून ठरवून टाकलं, सर. मुदत म्हंजे मुदत. तुमी मानूस चांगले, जळकोटचे. पन तो बी चांगलाच होता की.”

त्यांची भीती खरी होती आणि मीही काही वेगळा दिसत नव्हतो. मी चपला शोधू लागलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

अप्पांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा असे. पलीकडे जळकोटहून गंगाराम बोलत होता; अप्पांचे शेत गेले वर्षभर ठोक्याने करणारा. या पाडव्याला शेत दुसऱ्याकडे जायचे होते. गंगारामने उन्हाळी भुईमूग धरला होता. शेंगा भरायच्या होत्या, आणि मुदत तर आली. तो चाचरत विचारत होता. त्याचे ते अडखळणे मला फारच ओळखीचे वाटले.

अप्पा फोनवर जवळजवळ रागावले. “आरं, इचारून काय राहिलास? मुदत गेली तर जाऊ दे. भुईमूग काढ, मग सोड शेत. उभं पीक कोन मोडतंय का?”

त्यांनी फोन ठेवला. मी एका पायात चप्पल घालून उभा होतो. पुढचे वाक्य मी कसे बोललो ते मला सांगता येणार नाही. कागदावर ते नव्हते. इतक्या वर्षांच्या प्रमाण भाषेखाली दडपून गेलेली माझी गावची बोली आपणहून वर आली.

“अप्पा, माझंबी पीक पाडव्याला उभंच असतंय.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. मग हॉलच्या रिकाम्या खिडक्यांकडे पाहिले. मग पुन्हा माझ्याकडे.

“कवा निघतंय?”

“परीक्षा झाली की त्याच दिवशी. मे महिना लागला की.”

त्यांनी बराच वेळ हातातल्या काठीने जमिनीवर रेघा ओढल्या. गाठ अजून सुटली नव्हती, हे मला दिसत होते. शेवटी त्यांनी डोळे बारीक करून विचारले, “आनि खोडवा? खोडवा धरनार न्हाई न?”

ज्यांचा उसाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस तोडल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडख्यातून पुन्हा जो ऊस फुटतो, तो खोडवा. लावणीचा खर्च वाचतो, म्हणून शेतकरी तो आनंदाने ठेवतात. ज्याच्या शेतात एकदा खोडवा फुटला, त्याला शेत सोड म्हणणे अवघड. अप्पांच्या कोर्टातल्या त्या भाडेकरूने दुसरे काय केले होते?

मी म्हणालो, “न्हाई अप्पा. खोडवा धरनार न्हाई.”

“हाव,” अप्पा म्हणाले. “बसा मग. चहा घ्या.”

करार लिहिणाऱ्या वकिलांना हे पटवणे हा निराळाच प्रसंग झाला. गोदामावरच्या हॉलमध्ये कोणते पीक येते, असे ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. परीक्षेपर्यंत मुदतवाढ असे साधे लिहू, असे त्यांनी सुचवले. अप्पांना ते मान्य नव्हते. मुदतवाढ हा शब्द त्यांनी कोर्टात फार ऐकला होता. अखेर कलम असे उतरले: मुदत संपते वेळी भाडेकरूचे पीक उभे असल्यास ते निघेपर्यंत जागा त्याच्याकडे राहील, मात्र त्यास खोडवा धरता येणार नाही. वकिलांनी स्वतःच्या समाधानासाठी खाली जोडले की येथे पीक या शब्दाचा अर्थ परीक्षेस बसणारे विद्यार्थी असा घ्यावा. मराठी गद्याचा मी जन्मभर चाहता आहे; इतके नेमके वाक्य मी क्वचित वाचले.

लातूरची अभ्यासिका सुरू झाली आणि अप्पांनी ते कलम माझ्यापेक्षा अधिक मनावर घेतले. पाडवा उलटला की गोदामात पोती उतरवणाऱ्या हमालांना ते दटावू लागत, “वर पीक फुलोऱ्यात हाय, हळू बोला जरा.” ट्रकवाल्यांना हॉर्न मना होता. परीक्षेच्या संध्याकाळी ते जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसत आणि मी खाली उतरलो की विचारत, “निघालं का पीक, सर?” मी निघालं म्हणत असे. मग ते वर येत, एकदा हॉल पाहून जात, आणि दुसऱ्या दिवशी नव्या वर्षाचा कागद होई. निकाल लागला की उताऱ्याची, म्हणजे पीक किती आले याची, चौकशी असे. एका वर्षी फारशा मुलांचे नंबर लागले नाहीत. त्या वर्षी अप्पा म्हणाले की औंदा उतारा कमी पडला, पन रान चांगलं हाय. त्यांनी मला धीर देण्याची ही पद्धत होती, हे समजायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

एका जूनमध्ये वनिता आली. नर्सिंग पुरे करून ती नांदेडच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली होती. बरोबर तिची धाकटी बहीण सारिका. वनिताने खुर्ची पाहिली, दिवा लावून पाहिला, पाणी चाखले. जिन्यात येऊन थांबली. मला तिचा प्रश्न ठाऊक होता, तरी तिला विचारू दिले.

“सर, मे महिन्यात?”

“लिहून घेतलंय,” मी म्हणालो.

ती हसली, आणि बहिणीला तिथेच सोडून बसस्टँडकडे निघून गेली.

त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, अप्पा गेले. कोणतेही आजारपण न काढता. मी दहाव्याला गेलो, कोपऱ्यात बसून आलो. 

अप्पांचे चिरंजीव महेशराव पुण्यात व्यवस्थापन शिकून आलेले, चटपटीत आणि सरळ. संक्रांतीनंतर त्यांनी मला बोलावले. एका मोठ्या क्लासने पूर्ण इमारत मागितली होती. अट एकच, पाडव्याला ताबा हवा. फर्निचर करून जूनपूर्वी सुरू करायचे होते. महेशरावांनी करार समोर ठेवला होता. आवाज मृदू होता. “सर, मी हे आमच्या वकिलांना दाखवलं. या पिकाच्या कलमाला कोर्टात काही अर्थ नाही, असं ते म्हणाले. मुदत पाडव्याला संपते. तुम्ही समजून घ्याल.”

वर खिडकीजवळच्या खुर्चीत सारिका बसलेली होती, आणि तिच्यासारखी कितीतरी. मला पुन्हा नांदेडचा तो चहा आठवला. यावेळीही वाद घालणे मला जमणार नव्हते. कायद्याचे महेशरावांना माहीत, आणि दुखावण्याचे मला भय. एक गोष्ट मात्र माझ्या हातातली होती. म्हणालो, “महेशराव, कलम कोर्टासाठी नव्हतंच. त्यातलं अर्धं माझ्यासाठी होतं आणि अर्धं अप्पांसाठी. खोडवा धरणार नाही, असं मी अप्पांना बोललो होतो. परीक्षा झाली की त्याच दिवशी किल्ली देईन. जूनला तुमचे लोक बसलेले असतील.”

त्यांनी करार घडी करून ठेवला आणि एक फोन आला म्हणून उठून गेले. त्यानंतर पाडव्यापर्यंत ना होकार आला ना नकार. मी रोज सकाळी जिना चढताना कुलूप बदललेले नाही ना, एवढे पाहत असे. मुलांना काही कळू दिले नाही.

पाडव्याच्या सकाळी गोदामाच्या दाराला तोरण होते, साखरेची गाठी होती. आणि जिन्यापाशी क्लासचे दोन सुतार फूटपट्टी घेऊन उभे होते. मी मागेच थांबलो. महेशराव त्यांच्याशी बोलत होते. पाठ माझ्याकडे होती. त्यांची पुण्याची घासलेली मराठी मला ठाऊक होती. त्या सकाळी ती त्यांच्या तोंडी नव्हती.

“आत्ता न्हाई जमायचं,” ते सुतारांना म्हणत होते. “वर पीक उभं हाय. काढनी झाली की या.”

सुतार एकमेकांकडे आणि मग वरच्या मजल्याकडे पाहत निघून गेले. महेशराव वळले, त्यांना मी दिसलो. दोघेही अवघडलो. त्यांनी ताटलीतला पेढा पुढे केला, मी घेतला, आणि वर गेलो. सारिका आधीच येऊन बसली होती. तिने मान वर केली नाही, आणि तसेच व्हायला हवे होते.

परीक्षेच्या दिवशी मुले केंद्रांवर गेली आणि मी हॉल आवरायला घेतला. फळ्या उतरवल्या, दिवे पेटीत भरले, फरशी पुसली. नांदेडला नवी जागा ठरलेली होती. तिची मुदत जुलैत संपते, हे मी सहीच्या आधी पाहून घेतले होते. तिथल्या मालकीणबाईंना उभ्या पिकाचे कलम समजावून सांगावे लागले नाही. त्या शेतकऱ्याच्याच लेक निघाल्या.

संध्याकाळी किल्ली घेऊन खाली उतरलो. जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची होती, आणि तिच्यावर महेशराव बसले होते. क्लासच्या ताब्याविषयी, उशिराविषयी ते बोलतील असे मला वाटले. ते उठून उभे राहिले.

“निघालं का पीक, सर?”

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

“निघालं, महेशराव. खोडवा धरला न्हाई. आता नांगर घाला.”